पोच

आमच्या घरातून कोणी मुंबईला निघाले की आई एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत येई आणि गाडी सुटता सुटता खिडकीशी येऊन दर वेळी एकच वाक्य म्हणे, ‘पोचल्यार कागद धाड हां.’ आमच्या मालवणीत पत्राला कागद म्हणतात. गाडी संध्याकाळी सुटे, रात्रभर घाटांतून वळणे घेत दुसऱ्या दिवशी मुंबईला लागे, आणि तिथून टाकलेले कार्ड गड नदीच्या काठच्या आमच्या वाडीत यायला पाच-सहा दिवस घेई. म्हणजे एका रात्रीत मुंबईला पोचलेला माणूस आईच्या लेखी जवळजवळ आठवडाभर वाटेतच असे. कार्ड आले, ते कोणाकडून तरी वाचून घेतले, की ती म्हणे, ‘आज पोचलो तो.’ लहानपणी मला हे चुकीचे वाटे आणि मी तिला तारीख दाखवून दुरुस्त करायला जाई. आज वाटते, तिचेच म्हणणे बरोबर होते. माणूस जागेवर पोचतो तेव्हा त्याचा प्रवास संपतो. घरच्यांचा प्रवास त्याची खबर पोचते तेव्हा संपतो.

मराठीत ‘पोच’ हा शब्द फार अर्थांनी भरलेला आहे. पोचणे या क्रियापदातून तो आला, पण नुसते येऊन थांबला नाही. मिळाल्याची कबुली म्हणजे पोच, तिचा कागद म्हणजे पोचपावती, आणि समोरच्याचे मन ओळखून वागण्याची समज म्हणजेही पोच. ती ज्याला नाही त्याला आपण पोच नसलेला माणूस म्हणतो. दूरसंचाराची साधने कशी घडत गेली याचा विचार करताना मी अनेकदा या एका शब्दापाशी येऊन थांबतो. निरोप धाडण्याची ओढ माणसाला आहेच, परंतु तो मिळाला हे कळण्याची ओढ तिच्याहून मोठी आहे, आणि मला वाटते की टपालापासून उपग्रहापर्यंतच्या बऱ्याच शोधांना पुढे ढकलत नेले ते या दुसऱ्या ओढीने.

बाबा गिरणीत होते. लालबागला गावकीच्या खोलीत आमच्या वाडीतले पंधरा-सोळा चाकरमानी पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, आणि वर्षातून एकदा गणपतीला, जमले तर शिमग्याला, घरी येत. मी तिसरीत असताना ते गणपती आटोपून परत निघाले त्या रात्री पाऊस असा कोसळला की घाटात दरड आल्याची बातमी दुसऱ्या दिवशी बाजारात पसरली. मुंबईला गेल्यावर बाबांच्याही कानावर ती आली असावी. आई काळजी करत असेल म्हणून त्यांनी पदरचे पैसे मोडून तार केली. भर पावसात इरले घेतलेला पोस्टमन आमच्या खळ्यात येऊन ‘तार आसा’ म्हणाला, आणि आई तुळशीजवळ जी खाली बसली ती तिला उठवेना. आजीने हंबरडा फोडला. शेजारचे धावत आले. वाडीत इंग्रजी वाचता येणारे मास्तर खाडीपलीकडे राहत; त्यांना तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, आणीपर्यंत पाऊण तास गेला, आणि तोवर आमच्या घरी माणूस गेल्याचाच आकांत चालू होता. मास्तरांनी चष्मा पुसून वाचले, ‘रीच्ड सेफली.’

भारतात तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली १८५५ मध्ये आणि बंद झाली २०१३ च्या जुलैत. एवढ्या दीड शतकाहून मोठ्या काळात कोकणातल्या खेड्यांनी तिला एकच अर्थ दिला होता, तो मरणाचा. शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे कोणी आनंदाची बातमी तारेने कळवत नसे. आनंद कार्डावर पाच दिवस थांबू शकत होता, प्रेत थांबू शकत नव्हते. साधन बनवणाऱ्याने त्यात काय घातले यापेक्षा वापरणाऱ्यांनी त्याला कशासाठी राखून ठेवले यावरून त्याचा अर्थ ठरतो, हे मला त्या पावसात कळले असे म्हणणार नाही, पण त्या दिवसाची आठवण पुढे मला या विचाराकडे घेऊन गेली एवढे खरे.

त्यानंतर बाबांनी घरी कधीही तार केली नाही. त्यांनी जो मार्ग शोधला तो मला आजही थक्क करतो. मुंबईला पोचले की ते आईच्या नावाने पाच रुपयांची मनीऑर्डर करत. महिन्याच्या पगारातली मोठी मनीऑर्डर वेगळी असे. ही पाच रुपयांची केवळ पोचल्याची. मनीऑर्डरच्या कागदाला तळाशी निरोपासाठी थोडी जागा असे. तो तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राही, आणि दुसरा, पैसे मिळाल्याची सही किंवा अंगठा असलेला, पोचपावती म्हणून धाडणाऱ्याकडे परत जाई. आईला लिहितावाचता येत नव्हते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती जेमतेम एक पावसाळा गेली आणि तिथे स्वतःचे नाव लिहायला शिकली. कार्ड आले तर त्याला उत्तर लिहिण्यासाठी तिला दुसऱ्याच्या दारात जावे लागे, आणि दुसऱ्याच्या हाताने काय लिहायचे, या संकोचापायी ती बहुधा जातच नसे. पावतीवर मात्र तिला स्वतःच्या हाताने सही करायची असे. ती सही आठ-दहा दिवसांनी लालबागच्या खोलीत पोचे. बाबांना सरकारकडून पुरावा नको होता. बायकोच्या हाताचे अक्षर हवे होते, आणि ते मिळवून देणारे साधन टपालखात्याकडे होते.

मनीऑर्डरची सोय आपल्याकडे १८८० मध्ये सुरू झाली. ज्यांनी ती आखली त्यांच्यासमोर पैशांची ने-आण होती. कोकणाने तिच्यावर आपले घरदार चालवले. मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा अशी रत्नागिरीची ओळख कितीतरी वर्षे होती, आणि तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता. परंतु त्या कागदाच्या पोटात पैशांखेरीज काय काय जात होते याची मोजदाद कोणत्याही खात्याकडे नसणार. पोस्टमन पैसे मोजून देताना निरोपाचा तुकडा वाचून दाखवी, घरातली बाई दाराआड उभी राहून ऐके, आणि नवऱ्याने तीन ओळींत काय म्हटले नाही तेही त्या पोस्टमनच्या आवाजातून समजून घेई.

साधनाला त्याच्या नेमून दिलेल्या कामाबाहेर नेणारे बाबा काही पहिले नव्हते. इंग्लंडात १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याला भरावे लागत आणि अंतराप्रमाणे ते वाढत. गरीब माणसांनी त्यावर तोड काढली होती: पाकिटाच्या बाहेरच ठरलेल्या खुणा करायच्या, घेणाऱ्याने त्या डोळ्यांखालून घालायच्या आणि पैसे न भरता पत्र परत करायचे. खुशाली कळली, पैसाही गेला नाही. रोलंड हिल यांनी टपालाची फेररचना मांडताना या चालीची दखल घेतली, आणि १८४० मध्ये अंतर न पाहता एका पेनीत पत्र जाऊ लागले. भारतात १८५४ मध्ये पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा असा एकच दर झाला, आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड आले. लोक खुणा करून पत्र परत पाठवतात, यात चोरी पाहणारे तेव्हा पुष्कळ असतील. त्यात गरज पाहणारा एक निघाला म्हणून टपाल सर्वांचे झाले.

आमच्याच किनाऱ्यावरच्या एका माणसाने असेच एक मोठे काम करून ठेवले आहे, आणि कोकणात त्याची आठवण फारशी निघत नाही याचे मला वाईट वाटते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे कवी आणि व्यासंगी, आणि टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपण पत्त्याखाली जो सहा आकडी पिनकोड लिहितो तो त्यांचा. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय. मालवणचा ४१६६०६ आणि रत्नागिरीचा ४१५६१२ हे आमच्या पिढीने पाढ्यांसारखे पाठ केले. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांत, अनेक अक्षरांत लिहिलेले पत्ते, ही त्यामागची अडचण. ती आम्हाला समजावून सांगावी लागत नाही, कारण पेंडूर मालवण तालुक्यातही आहे आणि वेंगुर्ले तालुक्यातही. माझे आजोळ यांतल्या एका पेंडुरातले. पत्ता लिहिणारा तालुका घालायला विसरला की कागद दुसऱ्या पेंडुरात जाऊन, तिथल्या हवेत दोन दिवस काढून, मग घरी येई. आकड्यांना भाषा नसते आणि गिचमिड अक्षरातही ते बहुधा ओळखता येतात. शब्दावर आयुष्यभर प्रेम केलेल्या एका कवीने शब्द जिथे अडतात तिथे आकडे आणले, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

निरोप मिळाला का, हा प्रश्न साधन जितके लांब पोचले तितका मोठा होत गेला. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळातून पहिली तार टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला १६ तास लागले, आणि त्या तारेवरून दोन्ही काठांच्या तारमास्तरांनी एकमेकांना जे विचारले त्यातले पुष्कळसे ‘पुन्हा पाठवा’, ‘सावकाश पाठवा’, ‘कसे मिळते आहे’ असेच होते. तीन आठवड्यांत ती तार मुकी झाली. ते वर्णन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या खाडीच्या काठावर उभे राहून पलीकडच्या तारीला, म्हणजे नावाड्याला, कुकारे घालणारी माणसे आठवली. पलीकडून उलट कुकारा येईपर्यंत हाक मारणाऱ्याचा आवाज चढत जाई, आणि तो आला की माणूस निवांत दगडावर बसे, होडी यायला अजून अर्धा तास असला तरी. विंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये संगणकांच्या आपसातल्या बोलण्याची जी रीत मांडली आणि जिच्यावर आजचे इंटरनेट उभे आहे, तिच्यातही हा उलट कुकारा आहे: निरोपाचे लहान लहान तुकडे करून धाडायचे, घेणाऱ्याने त्यांची पोच द्यायची, आणि ठरल्या वेळात पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा धाडायचा. यंत्रांनाही एकमेकांवर विश्वास ठेवण्यासाठी तेच लागले जे नदीकाठच्या माणसाला लागत होते.

मी स्वतः शिकायला मुंबईला आलो तेव्हा पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ अजून यायचे होते. १९८४ मध्ये सी-डॉट ही दूरसंचाराच्या संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली, आणि तिने बनवलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिल्यांदा बसले. बाहेरून आणलेल्या यंत्रांना वातानुकूलित खोली लागे. हे यंत्र धूळ आणि उकाडा सोसेल अशा बेताने घडवले होते. ज्यांनी कोकणातला जून ते सप्टेंबर काढला आहे, भिंतींना बुरशी आणि कपाटातल्या कपड्यांना ओल धरलेली पाहिली आहे, त्यांना या साध्या निर्णयाचे मोल कळेल. खेड्याला फोन हवा याबद्दल कोणाचे दुमत नव्हते, पण खेड्याची हवा लक्षात घेऊन यंत्र बनवायला हवे हे कोणाला तरी सुचावे लागले.

आमच्या बाजारातल्या किराणा दुकानात फोन आला तो नव्वदच्या आसपास. रात्री उशिरा दर चौथाईवर येत, म्हणून मुंबईत बूथसमोर अकरानंतर रांग लागे. मी दुकानदाराला आधी सांगून ठेवी, त्याचा मुलगा बॅटरी घेऊन वाडीत जाई, आणि आई व्हाळ ओलांडून, पायात चपला न घालता, तीन मिनिटांच्या बोलण्यासाठी पाऊण तास चालून येई. त्या तीन मिनिटांतले पहिले मिनिट ‘ऐकाक येता मां?’ यातच सरे. मला घाई होत असे, समोर आकडे पळत असत. ती मात्र आवाज येतो आहे याची खात्री झाल्याखेरीज पुढचे एक अक्षर बोलत नसे.

मोबाइलवरून भारतातले पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ ला झाले आणि पुढची काही वर्षे फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. येणारा फोन फुकट झाला २००३ मध्ये. त्यानंतर आमच्याकडे मिस्ड कॉल नावाची जी भाषा जन्मली तिला माझ्या मते शोधाचाच मान द्यायला हवा. एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर, आणि सकाळी सातच्या आत वाजली तर उचल, कारण काम तातडीचे आहे, असा आमच्या घरचा संकेत होता. प्रत्येक घराचा आपापला असे. रोलंड हिल यांच्या काळातल्या पाकिटावरच्या खुणांची ही सख्खी बहीण. दोन्ही ठिकाणी कंपनीला किंवा खात्याला छदाम न देता माणसाने निरोप पोचवला, आणि दोन्ही ठिकाणी तो निरोप ‘सुखरूप आहे’ एवढाच होता. मोबाइलवरच्या लघुसंदेशाची १६० अक्षरांची मर्यादा ठरली तीही अशाच साध्या निरोपांवरून. जर्मनीतल्या फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ मध्ये टाइपरायटरवर वाक्ये लिहून अक्षरे मोजली, आणि लोक पोस्टकार्डावर तरी किती लिहितात ते पाहिले, तेव्हा बहुतेक कार्डे दीडशे अक्षरांच्या आत संपलेली आढळली. आईला वाचून दाखवलेली सगळी कार्डे मी मनात मोजून पाहिली आहेत. हिलेब्रांड यांचा हिशेब कोकणालाही लागू पडतो.

इथवर लिहिले ते जमिनीवरच्या माणसांचे झाले. समुद्रावर जाणाऱ्यांचे लिहायचे तर हात जड होतो, कारण गरज ही शोधाची जननी असते हे शाळेत शिकलेले वाक्य तिथे अपुरे पडते.

पावसाच्या तोंडावर आमच्या बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागतो. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे शब्द मी अक्षरओळख होण्याआधीपासून ऐकत आलो आहे. दिवसा खांबावर शंकू आणि पिंपाच्या आकारांच्या खुणा, रात्री लाल-पांढरे दिवे. ही रीत जुनी आहे. १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटून शेकडो माणसे बुडाली, आणि त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ पासून ठिकठिकाणची हवा तारेने गोळा करून बंदरांवर शंकू आणि पिंपे चढवायला सुरुवात केली. आपल्याकडे १८६४ च्या कलकत्त्याच्या वादळाने आणि पाठोपाठच्या दुष्काळांनी हवामानखात्याची निकड पटवली, आणि ते १८७५ मध्ये स्थापन झाले. माणसे बुडाली आणि मग साधन आले, हा क्रम पुढेही बदलला नाही. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले तेव्हा जवळच्या कॅलिफोर्नियन बोटीवर बिनतारी यंत्र होते, पण ते चालवणारा एकटा माणूस झोपायला गेला होता. दोनच वर्षांत, १९१४ मध्ये, मोठ्या जहाजांवर अहोरात्र बिनतारी कान ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

त्यानंतर ३३ वर्षांनी, १७ जुलै १९४७ ला सकाळी, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई इतकी जवळ होती की स्वच्छ हवेत तिथून दिसावी, आणि तरी शहराला काय झाले ते कळायला दुपार उलटली. ज्यांना वाचवता आले त्यांतल्या कित्येकांना मासे घेऊन निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्या दिवसाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते, आणि सांगणारा प्रत्येक जण खबर लागायला झालेल्या उशिरापाशी थांबतो. बिनतारीची गरज काय असते हे जगाला १९१२ पासून ठाऊक होते, यंत्रही होते. रेवसला जाणाऱ्या उतारूंची गरज मात्र ज्यांच्यापर्यंत जायला हवी होती त्यांच्यापर्यंत गेली नव्हती. म्हणून मला वाटते की गरजेलाही पोच मिळावी लागते. ती मिळेपर्यंत गरज कितीही जुनी आणि कितीही खरी असो, तिच्यातून काही जन्माला येत नाही.

मच्छीमारांना तर आणखी थांबावे लागले. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोडी आत गेली की संपते, आणि ट्रॉलर त्याच्या कितीतरी पलीकडे जातात. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ आले तेव्हा खोल समुद्रात असलेल्या दक्षिणेकडच्या बोटींना इशारा मिळालाच नाही. त्यांतल्या ६८ बोटी साडेनऊशेहून जास्त खलाशी घेऊन आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. मी जत्रेसाठी गावी गेलो होतो आणि ऐकून देवगडला गेलो. बंदरावर केरळची आणि तमिळनाडूची माणसे दाटीने बसली होती. गावातल्यांनी भात आणि पाणी आणले होते. खलाशांतल्या एका प्रौढ माणसाने माझ्याकडे हाताने फोन मागितला. त्याने आकडे दाबले, पलीकडून कोणीतरी बोलले, आणि तो एक शब्द दोनदा म्हणाला. मला त्याची भाषा येत नाही. तो शब्द मला कळला. फोन परत करताना त्याने तो लुंगीच्या कडेने पुसून दिला, आणि मग दुसऱ्याने हात पुढे केला. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवरून अठरा घरांना खबर गेली.

ओखीनंतर २०१९ मध्ये हैदराबादच्या समुद्रमाहिती केंद्राने जेमिनी नावाचे उपकरण काढले, जे उपग्रहावरून वादळाचा इशारा घेऊन खलाशाच्या फोनवर देते. परंतु त्यावरून उलट बोलता येत नाही. इस्रोने घडवलेले संकटसूचक यंत्र, ज्याला आमचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, डॅट म्हणतात, २०१० पासून होते, आणि त्याची अडचण नेमकी उलटी होती. बोट बुडू लागली, आग लागली, की बटण दाबायचे. खूण उपग्रहाकडे जाई. ती तटरक्षकांना मिळाली की हवेत विरली हे दाबणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आमच्या शेजारचा तांडेल एकदा मला म्हणाला होता, ‘देवाक हाक मारल्यासारख्या ता.’ लाटांत बटणावर बोट ठेवून बसलेल्या माणसाच्या मनाची ती स्थिती ज्याने ओळखली त्या अभियंत्याला पोच होती असे मी म्हणेन. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या या यंत्राच्या दुसऱ्या पिढीत सर्वांत महत्त्वाची सुधारणा ही की हाक मिळाल्याची पोच उलट समुद्रात जाते. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरात, म्हणजे आमच्याच कोकणच्या उत्तर टोकाला, देशभरातल्या १ लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडणारी यंत्रे बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. टायटॅनिकनंतरच्या करारापासून हे अंतर ११० वर्षांचे आहे.

साधने आली म्हणजे ती राहतातच असेही नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेले. वीज गेली, तासाभराने मनोरे बंद पडले, आणि मी डोंबिवलीत बसून आईचा नंबर लावत राहिलो. व्हॉट्सअॅपवर धाडलेल्या निरोपापुढे एकच बारीक खूण दिसे, दुसरी उमटत नसे. २०१४ मध्ये त्या खुणा निळ्या करण्याची सोय आली तेव्हा पुष्कळांना ती पाळत ठेवल्यासारखी वाटली होती, आणि रोजच्या जगण्यात तसे वाटणे बरोबरही आहे. प्रत्येक निरोपाची पोच तत्काळ मागणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे. पण त्या दोन दिवसांत मी ती दुसरी खूण देवाकडे मागितली. तिसऱ्या दिवशी वाडीतला एक पोरगा सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, चढला, जिथे पलीकडच्या कुठल्यातरी मनोऱ्याची रेंज येत होती, आणि त्याने वाडीच्या प्रत्येक घराचे नाव वहीच्या पानावर लिहून नेले होते. त्याने एकच फोन लावला, मुंबईतल्या मंडळाच्या एका माणसाला, आणि सगळी यादी वाचून दाखवली: अमक्याच्या घराचे पत्रे गेले, माणसे बरी, तमक्याचा माड पडला, माणसे बरी. तासाभरात ती यादी सगळ्या चाकरमान्यांकडे पोचली. आमच्या घरापुढे लिहिले होते, ‘आजी बरी. विचारता, तू बरो मां.’

बाबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. गावकीची खोली रिकामी करायची ठरली तेव्हा त्यांच्या वळकटीच्या जागेमागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला, तो मी गावी घेऊन गेलो आणि ओटीवर आईसमोर उघडला. आत सुतळीने बांधलेल्या पोचपावत्या होत्या, पाच रुपयांच्या, एकही न हरवता वर्षांप्रमाणे लावलेल्या. सुरुवातीच्या पावत्यांवर आईचे नाव तुटक, एकेक अक्षर वेगळे. पुढे ते जुळत जाते, वळणदार होते. आई एकेक हातात घेऊन डोळ्यांजवळ धरत होती. १९७९ च्या ऑगस्टचा शिक्का असलेल्या एका पावतीपाशी ती थांबली आणि तिने ती माझ्याकडे दिली. सहीच्या खाली, जिथे काही लिहिण्याची जागाच नाही अशा अरुंद पट्टीत, त्याच शाईने आणखी दोन शब्द दाटीवाटीने बसवले होते. जोडाक्षर तिला साधले नव्हते. ‘गाय वयाली.’